‘जि. सातारा’ म्हणजे आजचा साताराच असं नाही

एका जुन्या गिरणीमालकांवरच्या लेखात त्यांचं जन्मगाव एकदा तासगाव, तर एकदा ‘जि. सातारा’ दिलंय आणि खरं कोणतं यावरून वाचकांत वाद रंगलाय. पण तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे दोन्ही नोंदी एकाच गावाच्या असू शकतात!

दुसरी गोष्ट, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. माझ्या पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव विटा आहे. मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींनी कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, वाचून दिलं, तेव्हा जन्म आजोळी, खटाव तालुक्यात निघाला. पिवळं पडलेलं, कडा झडलेलं पान, त्यावर बापाचं नाव आणि ‘मुलगा’, एवढंच. बारसं व्हायचं होतं ना! नावाने शोधलं असतं तर जन्मात सापडलं नसतं.

आडनावावरूनही गाव ठरवू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, पण जन्म बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा.

लेखकांना कळकळीची विनंती, त्या गिरणीमालकांच्या आईचं माहेर आधी शोधा. तिथलं कोतवाल बुक वाळवीच्या तोंडी जाण्याआधी बघायला हवं. मोडी वाचायला माणूस हवा असेल तर मी गाठ घालून देतो.