पळून न गेलेला ‘फरार’ कसा?

गर्भपाताच्या गोळ्या दिल्याच्या आरोपावरून लुइझियाना राज्याला हव्या असलेल्या न्यूयॉर्कच्या डॉ. मार्गारेट कार्पेंटर यांना सोपवायला न्यूयॉर्कच्या गव्हर्नर होकल यांनी नकार दिला, म्हणजे अमेरिकेची राज्यघटनाच मोडली, असं या प्रकरणावरच्या एका लेखात म्हटलंय. हे साफ चूक आहे. घटनेचं कलम ४ गुन्हा करून दुसऱ्या राज्यात पळालेल्या माणसाबद्दल बोलतं. या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमध्ये बसून ऑनलाइन गोळ्या लिहून दिल्या, असा तर खुद्द आरोपच आहे. मग त्या लुइझियानातून पळाल्या कधी?

खरा पेच टेक्सासच्या दिवाणी निकालाचा आहे, आणि लेखात त्याला जेमतेम एक ओळ मिळालीय. तिथल्या बाईला अशाच गोळ्या दिल्याबद्दल तिथल्या न्यायालयाने २०२५ मध्ये डॉ. कार्पेंटर यांना १ लाख डॉलर दंड ठोठावला. एका राज्याचे निकाल दुसऱ्याने मानावेत, हेही त्याच कलमात आहे. तरी न्यूयॉर्कमधल्या अल्स्टर काउंटीच्या क्लार्कने न्यूयॉर्कच्या ‘शील्ड’ कायद्यावर (अशा डॉक्टरांना दुसऱ्या राज्यांच्या कारवाईपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यावर) बोट ठेवून हा निकाल नोंदवायला नकार दिला. या मुद्द्यावर न्यूयॉर्कची बाजू मला तितकी भक्कम वाटत नाही, आणि त्याचीच काळजी वाटते. मी टेक्सासमध्येच, डॅलसला राहते; इथे गर्भपातावर बंदी आहे. माझ्या मैत्रिणीचा गर्भ आपोआप पडला, तरी दवाखान्यात जायला ती घाबरत होती. कुणी गर्भपाताच्या गोळ्या घेतल्याचा संशय घेतला तर? या भीतीबद्दल लेखात एक शब्द नाही.