सेव्हन सीटर घेताय? आधी शेवटच्या रांगेत बसून बघा

आज डोकं इतकं फिरलंय ना की जेवण झाल्या झाल्या हेच लिहायला बसलेय. धाकट्या भावाला जुनी सेव्हन सीटर घ्यायचीय. चार वर्षांची भाची, आठ महिन्यांचा भाचा, आई, वर सुट्टीत मी आणि माझी पोरं, त्यामुळे हॅचबॅकमध्ये आता कुणी ना कुणी कुणाच्या तरी मांडीवर असतंच. म्हणून आज जळगावात हायवेवरच्या एका यार्डात गेलो, भाऊ, त्याचा मित्र, आमचे काका, भावजय आणि मी. बॉनेट उघडून झालं, टायर बघून झाले, अलॉय, म्युझिक सिस्टिम, काकांनी दार आपटून आवाज पण ऐकला. भावजय मात्र तेवढा वेळ मधली सीट पुढे पाडून मागच्या रांगेत जायचा प्रयत्न करून राहिली होती. लिव्हर ओढला तरी सीट हलेना. तिने यार्डवाल्याला विचारलं, भाऊ ही सीट कशी पडते हो? तर तो हसला आणि म्हणाला, "ताई, तिकडं काय बघता, मागे तर पोरंच बसतात ना."

पोरंच!

आणि आमच्यातलं कुणी काही बोललं नाही, काका पण हसले. मग मी बोलले आणि जरा जोरातच बोलले, त्याचं मला काही वाटत नाही. अरे पोरं बसतात म्हणूनच तर बघायचंय ना ते! गाडी पोरांसाठी घेताय आणि पोरं जिथे बसणार ती जागाच कुणी बघायची नाही, हा कुठला न्याय?

माझा राग आजचा नाहीये. काही वर्षांपूर्वी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर अमळनेरहून आम्ही सगळे वणीच्या गडावर निघालो होतो. ओळखीतल्यांची जुनी सात सीटर होती, पुरुष मंडळी पुढे आणि मधे, शेवटच्या रांगेत आई, मी आणि माझा मुलगा, तेव्हा तीन वर्षांचा. आपल्याकडचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, मे महिन्यात जळगाव-भुसावळ पंचेचाळीसच्या वर जातं. त्या गाडीत शेवटच्या रांगेला एसीची जाळीच नव्हती. बाजूची काच फिक्स, उघडतच नाही. मागची काच डोक्याला जवळजवळ टेकलेली, तिच्यातून ऊन थेट मानेवर. आईचे गुडघे छातीपर्यंत आलेले, कारण सीट इतकी खाली की मांडी टेकतच नाही. आणि पुढे सगळे एसीत गप्पा मारून राहिलेले, कुणीतरी तर म्हणालं पण की एसी जरा कमी करा, गार लागतंय.

आज ही गोष्ट कुणाला सांगितली की म्हणतात, अगं एवढं काय, पूर्वी आपण टेम्पोत बसून गेलोय लग्नाला. गेलो असू. म्हणून पोरांनी पण तसंच जायचं का?

आता ज्यांना खरंच गाडी घ्यायचीय त्यांच्यासाठी लिहिते, कारण गेल्या काही आठवड्यांत भावासोबत बसून मी हे सगळं बरंच वाचलंय, बघितलंय.

आपल्या बजेटमध्ये जुन्यात फिरून फिरून दोनच गाड्या जास्त समोर येतात, मारुतीची एर्टिगा आणि रेनॉची ट्रायबर. एर्टिगा २०१२ पासून आहे, नवीन शेपची आली २०१८ च्या नोव्हेंबरात. जागा चांगली, छतातून मधल्या रांगेवर वारा येतो आणि तोच मागे जातो, म्हणजे मागे पोचतो पण मधल्यांनी आपल्या तोंडावर जाळ्या वळवून घेतल्या नाहीत तर. ट्रायबर २०१९ ची, चार मीटरच्या आत बसवलेली, तिच्या वरच्या मॉडेलना शेवटच्या रांगेलाही वेगळ्या जाळ्या आहेत आणि शेवटच्या सीट चक्क काढून घरी ठेवता येतात. सातही सीट लावल्या तर डिकी ८४ लिटरची, म्हणजे एक बिबड्यांचा डबा आणि एक पिशवी. त्या सीट काढल्या की ६२५ लिटर, मग बाळाची गाडी, पाळणा, गावाहून आणलेले गहू, सगळं मावतं. लहान बाळ असलेल्या घराला रोजच्याला पाचच सीट लागतात, आखाजीला नि कानबाईच्या सणाला सात लागतात, त्यामुळे मला हे फार सोयीचं वाटतं.

इंजिन लहान आहे, एक लिटरचं, तीन सिलेंडर, हे मान्य. सात जण, एसी चालू आणि कन्नडचा घाट, तर ती रडतच चढते. बरं, चढू दे हळू, आपल्याला काय रेस लावायचीय?

क्रॅश टेस्टचं म्हणाल तर ट्रायबरला ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाड्या आपटून तपासणाऱ्या संस्थेच्या, टेस्टमध्ये २०२१ ला मोठ्यांसाठी चार स्टार आणि मुलांसाठी तीन. एर्टिगाला २०१९ मध्ये दोन्हीसाठी तीन-तीन होते, पुढे नियम कडक झाल्यावर २०२४ ला मोठ्यांसाठी एकावर आली. मारुतीच्या ईको व्हॅनला २०१६ ला शून्य, आणि तिच्या सात सीटरला तर एसी मिळतच नव्हता. ईकोवर कितीतरी लोकांचा धंदा चालतो आणि मी त्या गाडीला नावं ठेवत नाही, पण तान्ह्या बाळाला घेऊन आपल्या उन्हात? नाही.

होंडाची मोबिलिओ, शेवरलेची एन्जॉय वगैरे स्वस्तात मिळतात म्हणून लोक मोहात पडतात. मोबिलिओ २०१७ लाच बंद झाली आणि शेवरलेने तर त्याच वर्षाच्या शेवटी भारतात विक्रीच थांबवली. पार्टसाठी भटकायची तयारी असेल तर घ्या.

वर्ष बघताना २०१९ हे लक्षात ठेवा. त्या वर्षी एप्रिलपासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक न होऊ देणारी सोय, कंपल्सरी झालं आणि जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, मागचा पार्किंग सेन्सर. शेजारच्या सीटची एअरबॅग जुन्या चालू मॉडेलना २०२२ पासून. त्याआधीच्या गाडीत कुठल्या व्हेरियंटला काय आहे ते एकेक बघावं लागतं, यार्डवाला "टॉप मॉडेल आहे" म्हणाला की मान डोलवू नका, स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डवर एअरबॅगची खूण आहे का ते स्वतः बघा.

आणि सीटबेल्ट! शेवटच्या रांगेतला बेल्ट हातात घ्या आणि पूर्ण शेवटपर्यंत ओढा. आजच्या गाडीत भावजयने ओढला तर टोकाकडचा भाग चिखलाच्या रंगाचा, कडक झालेला. गाडी पाण्यात गेलेली असली की सीट कव्हर नवीन टाकतात, कार्पेट नवीन टाकतात, पण आत गुंडाळलेला बेल्ट कुणी बदलत नाही. तिने तो काकांना दाखवला तेव्हा काकांचं हसू गेलं. उजवीकडचं बक्कल तर सीटच्या खाली कुठेतरी गाडलं गेलेलं, बोटं घालून घालून काढलं तेव्हा त्यात जुन्या फुटाण्याची सालं. म्हणजे तिथे बसलेल्या कुठल्याच पोराला कुणी कधी बेल्ट लावलेला नाही.

चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला बेल्ट किंवा त्याच्या मापाच्या सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड आहे, २०१९ च्या कायद्यात आहे हे. कोण बघतं? २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात मागच्या सीटवर बेल्टशिवाय असताना गेले, तेव्हा आठवडाभर जो तो मागचा बेल्ट शोधत होता. नंतर पुन्हा सीट कव्हरखाली.

मला त्या दिवशीचा, वणीला जातानाचा झोडग्याजवळचा रस्ता अजून दिसतो. मुलगा आधी कुरकुरत होता, मग गप्प झाला, मला वाटलं झोपला. आईने त्याच्या पोटाला हात लावला आणि एकदम ओरडली, "गाडी थांबाडा रे, पोऱ्या तपी गया!" पुढे गाणी चालू, ऐकूच गेलं नाही. परत ओरडली. गाडी थांबल्यावर मधली सीट पडेना, मधे बसलेले दोघं उतरले, मग लिव्हर, मग सीट, आणि तेवढा वेळ मी त्याला हातात धरून आत वाकून उभी. लाल झाला होता पोरगा, ओठ कोरडे, डोळे अर्धे. रसवंतीच्या सावलीत ओल्या पंच्याने पुसलं, घोट घोट पाणी पाजलं, मग रडला. तो रडला तेव्हा आई पण रडली.

आई आता थकलीय. तिने भावाला एवढंच सांगितलंय की कुठली पण घे बाबा, मले मागे बसाड पण पोरांले मागे नको. एवढं ऐकल्यावर कुणी मला सांगू नये की एर्टिगा "टॅक्सी दिसते" म्हणून नको. हे आज भावाच्या मित्राने तीनदा ऐकवलं. त्यापेक्षा तेवढ्याच पैशात दहा वर्षं जुनी मोठी एसयूव्ही घे, रुबाब राहतो, म्हणे. कुणासमोर रुबाब? लग्नाच्या पार्किंगमध्ये? शेतरस्त्याला आणि खड्ड्यांना त्या गाड्या दणकट असतात, ठीक आहे, पण भावाला शेतात जायचं नाहीये, त्याला बाळाला लसीला न्यायचंय आणि आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे. ज्या गाडीत चढताना आईला दोघांनी धरावं लागतं ती गाडी आमच्या घरची कशी?

टॅक्सी दिसते यापेक्षा टॅक्सी होती का ते बघा ना. सुरत-पुणे मारलेल्या कितीतरी गाड्या पांढरी पाटी लावून विकायला येतात. मीटरवर कमी किलोमीटर आणि क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, तर तो मीटर खोटा. गुजरात पासिंगची स्वस्त मिळते पण तिकडची एनओसी आणि इकडचा टॅक्स धरला की स्वस्तपणा कुठे जातो कळत नाही. सीएनजीची असेल तर सिलेंडरची दर तीन वर्षांची टेस्ट झालीय का ते कागदावर बघा, सिलेंडर शेवटच्या सीटच्या पाठीमागेच असतो. आणि आरसी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, इन्शुरन्स पण चौदा दिवसांत नावावर करून घ्या.

अपघातात मागून धडक बसली तर शेवटची रांगच सगळ्यात जवळ, हे पण मला माहितीय. म्हणूनच म्हणते की रोजच्याला पोरं मधल्या रांगेत, बेल्ट लावून. पण आपल्या घरात सातजण निघाले की शेवटी मागे कोण जातं, ते तुम्हाला पण माहितीय आणि मला पण. बायका, म्हाताऱ्या आणि पोरं.

म्हणून भावाला सांगितलंय, यार्डात सकाळी गार वेळेला जायचं नाही. दुपारी दोनला जायचं, गाडी उन्हात उभी करायला लावायची, एसी लावायचा आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसाने दहा मिनिटं शेवटच्या रांगेत बसायचं, दारं लावून. मग सौदा.

रविवारी धुळ्याला दोन गाड्या बघायला जातोय, भावजय आणि मी आधी मागे बसणार, भाऊ चालवणार. कुणाच्या ओळखीत २०१९ च्या पुढची एर्टिगा किंवा ट्रायबर असेल, एमएच-१८, १९ किंवा ३९, फर्स्ट ओनर, घरगुती वापरलेली, तर इनबॉक्स करा. पेट्रोल चालेल. फोटो पाठवताना शेवटच्या रांगेचा आणि तिथल्या बेल्टचा फोटो आधी पाठवा, बॉनेटचा नंतर. दलालांनी कृपया मेसेज करू नये.