आधी निवड, मग आचरण

पारशी धर्माचे प्रेषित जरथुष्ट्र यांच्या गाथांवरचा, म्हणजे त्यांच्या स्तोत्रांवरचा, लेख वाचला. 'सुविचार, सुवचन, सुकृत्य' एवढ्यावरच गाथांची शिकवण त्यात आटोपली, याची हळहळ वाटली. यस्न ३० मध्ये (यस्न हा पारशी प्रार्थनाग्रंथ, गाथा त्यातच येतात; आकडा अध्यायाचा) जरथुष्ट्र सांगतात, कानांनी ऐका, निर्मळ मनाने पारखा आणि मग प्रत्येकाने आपली वाट आपणच निवडा. आज्ञा नाही, आवाहन आहे हे! आणि यस्न ४३ ची सुरुवात तर मला फार जवळची. पारशी परंपरेत तिचा अर्थ असा लावतात: जो दुसऱ्याला सुख देतो, त्यालाच सुख लाभतं. (त्यातला 'उश्ता', म्हणजे सुख, हा शब्द किती गोड आहे!) यस्न २९ मध्ये गायीचा आत्मा छळाविरुद्ध गाऱ्हाणं मांडतो, म्हणजे ही करुणा माणसापुरती नाही. ऋग्वेदातलं 'ऋत' आणि गाथांमधलं 'अशा' (दोन्ही म्हणजे सत्य, विश्वाची सुव्यवस्था) एकाच मुळातले शब्द. त्यावर लेखकांनी सविस्तर लिहावं, ही मनापासून विनंती.