पाणंद पक्की करा, पण तिच्यावर डांबर ओतू नका

आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर थंडी पडली की एक टूम निघतेच. नाशिकला जाऊ, वाइनरीच्या आसपास ग्रॅव्हल राइड करू, म्हणजे कच्च्या वाटांवरून सायकल हाणू, संध्याकाळी टेस्टिंगला बसू. जा की, कोण नको म्हणतंय? पण धाराशिवच्या माणसानं द्राक्षाच्या मळ्यातून सायकल चालवायची म्हणून ती गाडीच्या टपावर बांधून साडेतीनशे किलोमीटर न्यावी, हे काही मला पटत नाही.

आपल्याकडं तुळजापूर तालुक्यात सावरगाव-काटीचा पट्टा आहे. सोलापूर-तुळजापूर हायवे सोडून आत शिरलं की पंधरा-वीस मिनिटांत ट्रकचे हॉर्न मागं पडतात. पुढं मुरमाची पाणंद, म्हणजे शेताशेतांमधून जाणारी वाट, दोन्ही बाजूंना मांडवावर नाहीतर इंग्रजी वाय आकाराच्या आधारावर चढवलेल्या द्राक्षाच्या बागा, मध्येच प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. रहदारी म्हणाल तर एखादा ट्रॅक्टर, मागं फवारणीचा ब्लोअर लावलेला. नाहीतर शेरडं. ती मात्र साइड देत नाहीत.

वाइन शोधत याल तर निराश व्हाल, हे आधीच सांगतो. राज्यानं 2001 साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं तेव्हा वाइन पार्क गेले विंचूरला आणि पलूसला. आपल्याकडची बहुतेक द्राक्षं खायची किंवा बेदाण्याची. थॉमसन, माणिक चमन, शरद सीडलेस, आणि इथून हाकेच्या अंतरावर असलेल्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी निवडून काढलेली सोनाका. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारका, बियांचा, जाड सालीचा. त्याचे लाड कमी. खायच्या द्राक्षाचं तसं नसतं. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी, मग विरळणी, मणी फुगावा म्हणून घड जीए या संजीवकाच्या पाण्यात बुडवायचे, वर दावण्या आणि भुरी या रोगांची भीती. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाणंदीतून जाताना मांडवाखाली बाया स्टुलावर उभ्या राहून हातातल्या बारक्या कात्रीनं घडातले मणी वेचून काढताना दिसतात, खाली हिरव्या मण्यांचा सडा. हे बघायला तिकीट नाही. वाइनरीतल्या चकाचक टेस्टिंग रूमपेक्षा मला हे बघणं जास्त आवडतं. ज्याची त्याची आवड.

सायकलीबद्दल थोडं, कारण इनबॉक्समध्ये हाच प्रश्न येतो. ग्रॅव्हल बाईक म्हणजे रोड बाईकसारखं वाकडं हँडल, पण टायर 40 मिलिमीटरच्या आसपास, गुठळीचे. रोड बाईकला ऐंशी-शंभर पीएसआय हवा भरतात, इथं माणसाच्या वजनानुसार पस्तीस-चाळीस पुरते. टायर मुरमावर दबतो, उसळत नाही, हाताला झिणझिण्या येत नाहीत. पण आपल्याकडचा खरा शत्रू खडी नव्हे, सराटा. बांधालगत वाळून पडलेले सराट्याचे काटे टायरात असे रुततात की बोटानं एकेक उपटत बसावं लागतं, आणि उपटलं की फुस्स. त्यावर वेड्या बाभळीचे काटे वेगळेच. त्यामुळं ट्यूबलेस टायर आणि आत भोक बुजवणारं सीलंट, एवढा खर्च करा. बाकी लाख-दीड लाखाची सायकल नसली तर अडत नाही. जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, चालते. आणि दूधवाले दोन कॅन अडकवून साध्या काळ्या सायकलवर याच वाटेनं वर्षानुवर्षं गेलेत, त्यांना कुणी रायडर म्हटलं नाही.

पावसाळ्यात मात्र येऊ नका. मुरमाड पट्टा संपून काळी सुरू झाली की चाक आणि फोर्कच्या मध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, हाच सीझन.

आता खरा मुद्दा. या पाणंदी राहणार आहेत का?

एक तर त्या खाल्ल्या जातात. दरवर्षी शेजारच्या शेताच्या नांगराची एक ओळ पाणंदीत. गाव नकाशात गाडीमार्ग दुबार तुटक रेषेनं दाखवलेला असतो, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. जागेवर जाऊन बघा, बैलगाडी जाईना. कायदा आहे. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतो, आणि बांधावरून नवी वाट लागत असेल तर जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 143 आहे. पण सख्ख्या चुलत्यावर अर्ज कोण करणार? 2021 साली आलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून पाणंदीचं खडीकरण झालं, त्यानिमित्तानं का होईना बऱ्याच ठिकाणी अतिक्रमण निघालं. चांगलं झालं. मालाची गाडी बागेपर्यंत जाणं हा शेतकऱ्याचा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, आमचा रविवारचा छंद त्यापुढं काहीच नाही.

दुसरा धोका उलट्या बाजूनं येतो. पाणंद मोकळी झाली की लगेच मागणी होते, डांबरी करा. इथं माझं आणि गावकऱ्यांचं वाजतं.

एका बागायतदारानं मला पारावर सगळ्यांसमोर झापलं होतं. “तुमाला धूळ गोड लागती पाव्हणं, घडावर बसली की माल मार खातो.” खरं आहे त्याचं. वाटेच्या कडेच्या बागांना जुन्या साड्या बांधलेल्या असतात ना, हिरव्या, जांभळ्या, जरीच्या काठाच्या, त्या काही शोभेला नसतात. धूळ बसलेल्या पानावर लाल कोळी वाढतो, घडाची चमक जाते, व्यापारी भाव पाडतो. हे ऐकल्यावर “मुरूम किती छान दिसतो” असं म्हणायला तोंड उरत नाही.

तरीही मी डांबराच्या विरोधातच आहे, आणि कारण सायकल नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर अंथरलेला पातळ डांबराचा थर दोन पावसाळ्यांत पापडासारखा तडकतो. मुरूम वाहून गेला तर गावातला ट्रॅक्टर दोन खेपा टाकून वाट सरळ करतो. डांबराला खड्डा पडला की टेंडर, मग ठेकेदार, मग पुढची निवडणूक. आणि रस्ता गुळगुळीत झाला की तो बाहेरच्यांचा शॉर्टकट होतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, वाळूचे हायवा डंपर, टोल चुकवणारे. त्यांनी कडा फोडल्या की धूळ परत तीच, वर वेग जास्त. शाळेला चालत जाणारी पोरं याच वाटेवर असतात, ते वेगळंच. त्यामुळं ग्रामसभेच्या ठरावात डांबरीकरण लिहू नका. खडीकरण लिहा, वर मुरूम, रोलर, दोन्ही बाजूंनी चर आणि ओढ्याला नळकांडी. पाणी निघून गेलं तर मुरमाची वाट बारमाही टिकते. बागेच्या तोंडाशी शे-दोनशे फूट सिमेंट करा, तिथं धुळीचा प्रश्न खरा असतो.

हा वाद जगात पहिल्यांदा आपल्याकडं झालेला नाही. इटलीत तोस्कानातल्या किआंतीच्या द्राक्षमळ्यांतून पांढऱ्या मातीचे रस्ते जातात, तेही एकेक करून डांबरी व्हायला लागले होते. ते वाचावेत म्हणून 1997 साली गायोले नावाच्या गावातून जुन्या सायकलींची एक राइड सुरू झाली, लेरोइका. पुढं 2007 पासून त्याच रस्त्यांवर स्त्रादे बियांके ही व्यावसायिक शर्यत होऊ लागली. आज लोक जगभरातून तिथली धूळ खायला जातात. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीत तर बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावरच रीझलिंग ट्रेल नावाची सायकलवाट केलीय, मळ्यांमधून तीसेक किलोमीटर, मोटारींना बंदी.

हे वाचलं की मला आपली बार्शी लाइट रेल्वे आठवते. कुर्डुवाडी-लातूर नॅरोगेजची ब्रॉडगेज झाली तेव्हा मार्ग बदलून 2008 पर्यंत गाडी धाराशिव शहराकडून न्यायला लागले. उत्तमच झालं, 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ती या ब्रॉडगेजमुळं. पण जुन्या मार्गाचे जे तुकडे सुटले त्यांचं काय? रेल्वेचा चढ मुळातच सौम्य असतो, सायकलला याहून बरी वाट कोण बांधून देणार? येडशीच्या अभयारण्याचा भाग वगळून, जिथं जमीन अजून रेल्वेकडं किंवा सरकारकडं असेल तेवढ्याचा तरी विचार व्हावा. आमदार-खासदारांच्या ओळखीचं कुणी वाचत असेल तर त्यांच्या कानावर घाला.

जालन्याकडच्या मित्रांनो, कडवंचीला जा. 1996 च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोटाची कामं झाली आणि त्या गावानं शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षं उभी केली. चढ-उतार असलेलं शिवार आहे, पायांचा कस लागतो.

येणाऱ्यांना चार गोष्टी. घडाला हात लावू नका, खायचं असेल तर क्रेट विकत घ्या, बागेवर दुकानापेक्षा स्वस्त आणि ताजं मिळतं. फवारणी चालू दिसली की लांब थांबा. वस्तीवरचं कुत्रं मागं लागलं तर उतरून सायकल मध्ये धरा, पळवू नका. कुणी “कुठं चाललाव?” विचारलं तर थांबून नीट उत्तर द्या, चहाला नाही म्हणू नका. दहापेक्षा जास्त जण एकत्र येऊ नका, पाणंद तेवढी रुंद नाही. आणि ड्रोन अजिबात आणू नका. ड्रोन दिसला की जमीन मोजणीवाले आले असंच गावाला वाटतं, मग तासभर समजावत बसावं लागतं, आणि ते काम दरवेळी माझ्यावर येतं.