फाशी सरकारला फार स्वस्तात पडते

फाशीच्या शिक्षेविरुद्ध काहीही लिहिलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘तुमच्या घरात असं झालं असतं तर?’ सरळ उत्तर देते. झालं असतं तर मीही फाशीच मागितली असती. खटला, वकील, अपील हे शब्द कानावर पडू दिले नसते. पोलिसांनी ज्याला समोर उभं केलं असतं त्याच्या अंगावर धावून गेले असते, आणि हा माणूस खरंच तोच आहे का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाही नसता. तो विचारायला माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी लागतं.

नाशिक जिल्ह्यातली एक केस त्यासाठीच सांगायची आहे. जून 2003 मध्ये शेतावर राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले, त्यात पंधरा वर्षांची एक मुलगी होती. एक बाई आणि तिचा मुलगा तेवढे वाचले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा जण पकडले. 2006 मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप झालेल्या त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाचाही शिक्का बसला होता. आणि मार्च 2019 मध्ये, जवळपास सोळा वर्षांनी, त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि तपास करणाऱ्या पोलिसांवर कारवाईचा आदेश दिला.

कारण काय? वाचलेल्या त्या बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं या सहांपैकी नव्हतीच. त्यांचा पुढे तपासच झाला नाही.

ही केस मी जेव्हा जेव्हा सांगते तेव्हा लोक त्या सहा जणांबद्दल हळहळतात, आणि हळहळायलाच हवं. त्यांच्यातला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर सिद्ध झालं. पण माझं मन त्या बाईपाशी अडकतं. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं बोट दाखवलं होतं. पाच माणसं गमावल्यावर तिला कायद्याकडून मिळालं काय, तर भलत्याच लोकांची फाशी, आणि तीही शेवटी रद्द. खरे गुन्हेगार कुठे आहेत, हे आज कुणी सांगू शकत नाही. ‘अपिलं बंद करा, महिन्याभरात लटकवा’ असं जे आपण म्हणतो, तसं तेव्हा झालं असतं तर सहा प्रेतं आणि एक बंद फाइल राहिली असती, आणि आपण सगळ्यांनी न्याय झाला म्हणून पेढे वाटले असते.

‘अशी केस हजारात एखादी’ असं कुणी म्हणेल. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं 2016 मध्ये फाशीच्या कैद्यांवर मोठा अहवाल काढला. 2000 ते 2015 या काळात खालच्या कोर्टांनी फाशी सुनावलेल्या ज्या कैद्यांचे निकाल त्यांना तपासता आले, त्यांतल्या जेमतेम पाच टक्क्यांची फाशी वरच्या कोर्टांत टिकली. बहुतेकांची जन्मठेप झाली. आणि तीस टक्क्यांच्या आसपास लोक चक्क निर्दोष सुटले. दहातले तीन! ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचा हा हिशेब असता तर आपण त्याच्या हातात सुरी दिली नसती. फाशीच्या कोठडीत असतं कोण, तेही त्याच अहवालात आहे: सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या अगदी खालच्या थरातले. पैसेवाले खून करत नाहीत असं तर नाही. त्यांचा वकील पहिल्या दिवसापासून हजर असतो, इतकंच.

एकाच गुन्ह्यात, एकाच प्रकारच्या सहभागासाठी फाशी झालेल्या तीन माणसांची एक जुनी केस आहे. तिघांची अपिलं सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या न्यायाधीशांसमोर गेली. एकाला ऑक्टोबर 1981 मध्ये फासावर चढवलं. दुसऱ्याची फाशी त्याआधीच जन्मठेपेत बदलली होती. तिसरा हे सगळं न्यायालयाच्या लक्षात आल्यामुळे वाचला. 1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फाशी फक्त ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणातच द्यायची हा निकष ठरवला होता, तरी ही तऱ्हा. त्याच खटल्यात न्या. भगवती यांनी एकट्यानं विरोधी मत नोंदवलं, ते मुख्यतः या लहरीपणाबद्दलच होतं.

आता धाक. ‘चार जणांना लटकवलं की बाकीचे सरळ होतील.’ रागाच्या किंवा दारूच्या भरात खून करणारा पुढच्या पाच मिनिटांचाही विचार करत नाही. थंड डोक्यानं कट करणारा विचार करतो, पण आपण पकडलेच जाणार नाही या खात्रीवर. आणि 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत उतरलेले दहा जण तर मरायच्याच तयारीनं आले होते, त्यांना फासाची काय भीती? कॅनडानं 1976 मध्ये खुनासाठीची फाशी बंद केली, त्यानंतर तिथं खुनांचं प्रमाण वाढण्याऐवजी घटत गेलं. ते फाशी बंद झाल्यामुळेच घटलं असं मी म्हणणार नाही, त्याला दहा कारणं असतील. पण वाढलं नाही, एवढं नक्की. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं 2012 मध्ये तिथल्या तीसेक वर्षांच्या अभ्यासांची छाननी केली आणि फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यातलं काहीही या अभ्यासांवरून सांगता येत नाही असा निष्कर्ष काढला. बेकारिया नावाच्या इटालियन विचारवंतानं 1764 मध्येच लिहून ठेवलंय की गुन्हेगाराला शिक्षेच्या क्रूरतेपेक्षा ती नक्की होणार याची भीती वाटते.

आणि आपल्याकडे नक्की काय आहे? निकाल लागलेल्या बलात्काराच्या खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण तीस टक्क्यांच्याही खाली आहे. तक्रारच न झालेल्या घटना वेगळ्याच. नोंद झालेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीचे असतात: काका, शेजारी, शिकवणीचे सर. 2018 मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद झाली. घरातल्या माणसानं केलं असेल तर त्याला फासावर पाठवायचं ओझं त्या मुलीच्या आईवर येतं, आणि तिच्यावर दबाव टाकणाऱ्यांच्या हातात आयतंच हत्यार मिळतं: ‘तुझ्यामुळे तो मरेल.’ आणि बलात्काराला फाशी, खुनालाही फाशी, मग एकुलत्या एका साक्षीदाराला जिवंत कशाला सोडायचं, हा हिशेब एखादा नराधम करणारच नाही, याची हमी कोण देणार?

मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथं. फाशीची घोषणा करायला सरकारला दमडी लागत नाही. महाराष्ट्रात महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक वाजतगाजत आलं, डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळानं ते मंजूर केलं, त्यात फाशी होती. राष्ट्रपतींची मंजुरी काही मिळाली नाही आणि तो कायदा कधी अमलात आला नाही. त्यानं कुणाचं काय अडलं? मथळे तर छापून झाले होते. पैसे लागतात ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेला, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरायला, साक्षीदाराला संरक्षण द्यायला, पंचनामा धड करणारा हवालदार तयार करायला. त्यासाठी मेणबत्त्या घेऊन कुणी रस्त्यावर येत नाही, म्हणून कुणी ते करतही नाही.

बरं, ज्या फाशा वरपर्यंत कायम झाल्या त्यांचं तरी काय? पुण्यात 2007 मध्ये एका बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये फाशी कायम केली, पुढे राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, आणि 2019 मध्ये उच्च न्यायालयाला ती फाशी रद्द करावी लागली, कारण अंमलबजावणीत सरकारी यंत्रणेनंच अक्षम्य उशीर केला होता. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींचंही 2022 मध्ये तेच झालं. दयेचे अर्ज वर्षानुवर्षं पडून. त्या मुलांच्या घरच्यांनी वीस वर्षं एका शिक्षेची वाट पाहिली आणि ती कागद न हलल्यामुळे गेली.

धाक सोडा, केलेल्याची फेड झालीच पाहिजे, असं काही मित्र म्हणतात. या म्हणण्याचा मला आदर आहे, कारण ते प्रामाणिक आहे. फेड हवीच. पण जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2008 पासून, आणि 2015 मध्ये घटनापीठानंही, सूट न देता तीस वर्षं किंवा मरेपर्यंत तुरुंगवास देता येतो हे मान्य केलंय. हां, लोकांना त्यावर भरवसा वाटत नाही आणि त्यात लोकांची चूक नाही. 2022 मध्ये गुजरात सरकारनं सामूहिक बलात्कार आणि खुनातले अकरा जण शिक्षेत सूट देऊन सोडले, बाहेर त्यांचं हारतुरे घालून स्वागत झालं. ती सूट रद्द व्हायला जानेवारी 2024 उजाडावं लागलं. सरकारनं अशी सूट वाटायची आणि वर लोकांच्या रागाचं भांडवल करून फाशीचे कायदे आणायचे, हे दोन्ही एकाच हातानं चालतं.

बाबासाहेब आंबेडकर जून 1949 मध्ये संविधान सभेत म्हणाले होते की फाशीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयात अपिलाची तरतूद करण्यापेक्षा फाशीच रद्द केलेली मला जास्त आवडेल. गुन्हेगारांबद्दलच्या भाबडेपणाचा आरोप त्यांच्यावर कुणी करणार नाही.

राहता राहिला कसाब. तो दोषी होता याबद्दल मला तसूभरही शंका नाही, आणि 2012 मध्ये येरवड्यात त्याला फाशी झाली तेव्हा मी रडले नाही. पण फक्त कसाबला लागू होईल असा कायदा लिहिता येत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये 11 जुलै 2006 ला स्फोट झाले, 180 हून जास्त माणसं गेली. 2015 मध्ये विशेष न्यायालयानं दोषी ठरवलेल्या बारा जणांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. त्यांतला एक तुरुंगातच कोविडनं वारला. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयानं बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं, त्यात तोही होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलंय. मग त्या संध्याकाळी डब्यांत बॉम्ब ठेवले कुणी, हे उच्च न्यायालयाचा निकाल टिकला तर कोण शोधणार आहे? त्या चौकशीची मागणी करणारी एकही पोस्ट मला अजून माझ्या टाइमलाइनवर दिसलेली नाही.