प्रतिक्रियेला उत्तर: बूट बदलायचा की अख्खा शाफ्ट?

नमस्कार.

वॅगन-आरचे पुढचे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकांना फिरवणारे दांडे) सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलल्याचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि एवढे सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. शाफ्टच्या सांध्यावरचे फाटलेले रबरी आवरण, म्हणजे बूट, काही शे रुपयांत बदलता आला असता, तिथे मी अख्खे शाफ्ट बदलायला सांगून वाचकांना नाहक खर्चात पाडतो. असे काम लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्येच व्हायला हवे. आणि टॉर्क रेंचचे (नट ठरलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्याचे) मी उगाच स्तोम माजवतो, कारण आपल्या गॅरेजमध्ये इतकी वर्षे हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचा, नट पान्याला पाइप लावून पायानेच आवळला जातो आणि एकही गाडी तक्रार घेऊन परत आलेली नाही. ‘व्हिडिओ पाहून शस्त्रक्रिया’ हा टोमणाही वाचला. चांगला आहे.

बूट फाटलेला दिसला, पण सांधा अजून आवाज करत नसेल, तर शाफ्टला हात लावू नये, या आपल्या मताशी मी पूर्ण सहमत आहे आणि मूळ लेखातही तेच लिहिले आहे. मतभेद आहे तो आवाज सुरू झाल्यानंतर काय करायचे याविषयी. चाकाकडच्या या सांध्यात, म्हणजे सीव्ही जॉइंटमध्ये, सहा पोलादी छर्रे एका पिंजऱ्यात धरलेले असतात आणि ते आतल्या व बाहेरच्या भागांतील खाचांमधून पुढेमागे सरकतात; त्यामुळेच चाक वळलेले असतानाही त्याला इंजिनाचा जोर हिसके न बसता मिळत राहतो. छर्रा आणि खाच यांच्यातले अंतर अत्यंत कमी असते आणि मोलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेल्या काळ्या ग्रीसवर त्यांचे आयुष्य अवलंबून असते. बुटाच्या घडीला चीर पडली की फिरत्या शाफ्टबरोबर हे ग्रीस बाहेर फेकले जाते (रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतात ते हेच), आणि त्याच चिरेतून पावसाळ्यात चिखलाचे पाणी आत शिरते. उरलेले ग्रीस आणि बारीक वाळू यांचे मिश्रण मग खाचा घासत राहते. गाडी सरळ चालताना छर्रे खाचेत जेमतेम हलतात, म्हणून काही कळत नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली की ते खाचेच्या झिजलेल्या भागावरून जाऊ लागतात आणि ओळखीचा कट्‌कट् आवाज येतो.

आमच्या गाडीत पार्किंगमधून वळताना हा आवाज दोन्ही बाजूंनी येत होता आणि सांध्यातले ग्रीस चिमटीत चोळले असता वाळूची कचकच बोटांना स्पष्ट जाणवत होती. अशा सांध्याला धुऊन, नवे ग्रीस भरून नवा बूट चढवला, तर आवाज काही दिवस दबेल, पण खाचेची झीज भरून येणार नाही. शिवाय मजुरीचा हिशेब आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे: बाहेरचा बूट बदलायलाही हबचा नट, बॉल जॉइंट आणि नकल (हबला धरून ठेवणारा भाग) सोडवावी लागतेच, आणि वर तो सांधा शाफ्टवरून ठोकून काढावा लागतो. बचत होते ती फक्त मालाच्या किमतीत. नुसता बाहेरचा सांधा वेगळा मिळत असेल आणि तो चांगल्या प्रतीचा असेल, तर तो मधला मार्ग मला मान्य आहे.

लिफ्टवर काम सोपे होते, यात वाद नाही. पण या कामातला जीवघेणा धोका गाडी कशावर उभी आहे, यात असतो. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली कोणीही डोके घालू नये. सपाट काँक्रीट, मागच्या चाकांना अडसर, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी पुरेशा क्षमतेचे दोन स्टँड, आणि खाली जाण्यापूर्वी गाडी हाताने जोरात हलवून पाहणे, एवढे जमत नसेल, पार्किंग उताराचे असेल किंवा खाली हलणारे पेव्हर ब्लॉक असतील, तर गाडी सरळ गॅरेजमध्ये न्यावी. घरी काम करणाऱ्याची फजिती बहुधा दुसऱ्याच ठिकाणी होते. बाहेरचे टोक हबमधून सुटले की तो शाफ्ट धरून ओढतो, आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या, सांध्याचे तीन रोलर त्यांच्या वाटीतून निसटतात आणि वाटी गिअरबॉक्समध्येच राहते. त्याऐवजी गिअर ऑइल आधी काढून घेऊन, वाटीच्या कडेला बार लावून एकच झटका दिला की तिला आत अडकवून ठेवणारी कडी (सर्क्लिप) सुटते, आणि ऑइल सीललाही धक्का लागत नाही.

आता टॉर्क, म्हणजे नट फिरवण्याचा जोर. समजा, मॅन्युअलमध्ये नटासाठी 175 न्यूटन-मीटर दिले आहेत. 60 किलो वजनाचा माणूस अर्धा मीटर लांबीच्या पाइपच्या टोकावर उभा राहिला, तर सुमारे 294 न्यूटन-मीटर जोर पडतो. पाइप लांब असेल तर आणखी जास्त. हा नट केवळ शाफ्ट धरून ठेवत नाही, बऱ्याच गाड्यांत चाकाचे बेअरिंगही तोच दाबून धरतो, आणि जास्त आवळल्याचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. बेअरिंग पुढे घरघरू लागते तेव्हा गाडीवाला खड्ड्यांना दोष देतो आणि कदाचित दुसऱ्याच गॅरेजमध्ये जातो. त्यामुळे ‘एकही गाडी परत आली नाही’ हा पुरावा मला पुरेसा वाटत नाही. सुरुवातीला गाडी जमिनीवर असताना नट जेमतेम ढिला करावा, आणि शेवटी कोणाला तरी ब्रेक दाबायला बसवून, चाकावर भार येण्याआधीच नवा नट पूर्ण टॉर्कला आवळून त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकावी, हे मी त्याच कारणासाठी लिहिले होते.

बुटाच्या क्लिपा साध्या पकडीने आवळता येतील का, असे आपल्या प्रतिक्रियेखाली एका वाचकाने विचारले आहे. कान असलेल्या क्लिपांसाठी वेगळी पकड मिळते, तीच घ्यावी. प्लास्टिकच्या केबल टायने बूट बांधू नये. नव्या शाफ्टवर क्लिपा कारखान्यातूनच बसवलेल्या येतात, त्यामुळे आमच्या कामात तो प्रश्न आला नाही.