एक तारा आणि तीन रेकॉर्डी : दुकानाचं उत्तर

सस्नेह नमस्कार.

आपला अभिप्राय दोनदा वाचला. तक्रारी अशा : 'व्हीजी प्लस' (प्रतवारीत 'व्हेरी गुड'च्या वरची पायरी) म्हणून घेतलेल्या अमीर खाँसाहेबांच्या मारवा-दरबारीच्या एलपीला दरबारीच्या बाजूवर चारेक मिनिटं टिकटिक येते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियन कंपनीच्या तबकडीची कड फुटून आली. बालगंधर्वांच्या जुन्या नाट्यपदाची तबकडी खरखरते, आवाज चिरका लागतो, आणि पुसल्यावर ती आणखी बिघडली. रविवारी नवी खरेदी दाखवायला मित्रमंडळी जमवलीत, तर त्यांनी एलपी पहिल्या छपाईची नाही असं सांगितलं. आणि एवढं सगळं यूट्यूबवर फुकट आहे. शेवटी 'फसवणूक' हा शब्द.

पहिल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत आणि चूक आमची आहे. बाकीच्यांत थोडं आमचं, थोडं आपल्या प्लेअरचं आणि थोडं स्पिरिटचं आहे.

आधी एलपी. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा. टिकटिक तेवढ्याच अंतराने ठेक्यात येत असेल तर तो धुळीचा आवाज नाही, ओरखडा आहे. वीस-बावीस मिनिटांच्या बाजूवर सुई सेंटीमीटरभर आत सरकायला अडीचेक मिनिटं घेते, म्हणजे आपला ओरखडा दीड सेंटीमीटरच्या आसपास असणार. आम्ही तो पाहिला नाही, कारण तबकडी ट्यूबलाइटखाली सरळ धरून बघितली. असे बारीक ओरखडे दिसतात ते एकाच दिव्याचा उजेड तिरपा पाडून, तबकडी हातात हळूहळू फिरवली तर. आमच्या धंद्यात एक ढोबळ नियम आहे : नखाला लागतो तो ओरखडा हमखास वाजतो, नखाला लागत नाही तो वाजेल किंवा वाजणार नाही. म्हणून तर ऐकावं लागतं. आम्ही मारव्याची बाजू ऐकली, दरबारीची ऐकली नाही, आणि चिठ्ठीवर मात्र 'ऐकून तपासली' असा सरसकट शिक्का मारला. हे चुकलंच. आता चिठ्ठीवर कोणती बाजू, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ऐकली का, ते हाताने लिहितो.

दरबारीवरच हा ओरखडा यावा हे वाईट. हाच ओरखडा एखाद्या द्रुत गतीवर, तबला जोरात असताना असता तर मैफलीत कुणाच्या लक्षातही आला नसता. विलंबितात, मंद्रातला गंधार आंदोलत असताना दोन स्वरांमधल्या शांततेत तो टिक्‌कन येतो. ख्यालाच्या एलपीला म्हणून नाट्यगीतांपेक्षा कडक प्रतवारी लावायला हवी. आपली एलपी आमच्या हिशेबाने नुसती 'व्हीजी' आहे.

पहिल्या छपाईबद्दल आपले मित्र बरोबर आहेत, पण आम्ही तसं म्हटलंच नव्हतं. बिलावर नावाच्या खालच्या ओळीत 'री-इश्यू', म्हणजे नंतरची छपाई, असं लिहिलंय, किंमत १२०० त्याचमुळे. ही एलपी पहिल्यांदा १९६० साली आली आणि पुढे पुन्हा पुन्हा निघाली. कव्हरवरचा क्रमांक पाहून छपाई ठरवू नका, री-इश्यूवरही तो तसाच राहू शकतो. लेबलाची रचना, आणि लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स (साच्याचा) क्रमांक या दोन्ही गोष्टी एकत्र बघायच्या. मित्रांनी मॅट्रिक्स बघून सांगितलं असेल तर त्यांना आमचा नमस्कार सांगा. आणि क्रमांकाची अक्षरं तेवढी वाचून घ्या : एचएमव्हीच्या जुन्या भारतीय एलपींवर ईएएलपी, ईसीएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर मोनो एलपीला ते दाबायचंच. मोनोत संगीत सुईच्या आडव्या हालचालीत असतं, आणि बटण दाबलं की उभ्या हालचालीतली बरीच खरखर आपोआप कटते.

ओडियनची कड. तीन तबकड्या एका खोक्यात, दोन लाखेच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) तबकड्या पाठीला पाठ लावून मध्ये नुसता कागद, हे पॅकिंग आमच्या माणसाने केलं आणि मी ते न बघता पाठवलं. कुरिअरला बोल लावायचं कारण नाही. लाखेची तबकडी काचेसारखी असते, वाकत नाही, तडकते. दहा इंची तबकडीला बारा इंची चौकोनी नालीदार पुठ्ठे दोन्ही बाजूंनी लागतात, एका पुठ्ठ्याच्या नाळ्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे दाब आला तरी पुठ्ठा एका रेषेत दुमडत नाही. पुठ्ठे चारही कडांनी चिकटवायचे, आत तबकडी सरकता कामा नये. हे एकेकीला वेगळं. मग खोका, आणि सगळीकडून किमान पाच सेंटीमीटर भरण. एलपी कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या पिशवीसकट कव्हरच्या मागे ठेवायची, नाहीतर आपटल्यावर तबकडीची कड कव्हराची शिवण उसवते. आपण पाठवलेल्या फोटोत टवका चारेक मिलिमीटर आत गेलाय आणि पहिल्या चरांना लागलाय. तिथे सुई लावू नका, सुईच जाईल.

आता नाट्यपद, आणि इथे आमचं थोडं वेगळं म्हणणं आहे.

आपण लिहिलंय की प्लेअर सूटकेसवाला, तीन वेगांचा आहे. प्लेअरला ७८ चा खटका आहे म्हणून त्याला ७८ ची सुई आहे असं होत नाही. एलपीच्या सुईचं टोक ०.७ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण १८ मायक्रॉन. ७८ ला ३ मिल लागतं, ७६ मायक्रॉन. चर तेवढा रुंद असतो. एलपीची सुई त्यात तळाला जाऊन बसते, जिथे सगळा मळ साचलेला असतो, आणि भिंतींवरचं गाणं न वाचता तळ खरवडत जाते. आपल्याला ऐकू येणारी निम्मी खरखर तीच असावी. उरलेली सरसर जाणार नाही. या तबकड्यांच्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, जाड पोलादी सुई घासून चराच्या मापाची व्हावी म्हणून. त्या सुया एका बाजूला एक अशा वापरून टाकून द्यायच्या असत. ती सरसर तबकडीच्या अंगातच आहे.

चिरका आवाज हा वेगाचा प्रश्न. भोंग्यासमोर गाऊन केलेली, १९२५ च्या आधीची ध्वनिमुद्रणं सगळी ७८ वरच कापलेली नसत. ७४ वर कापलेली तबकडी ७८ वर लावली की स्वर जवळजवळ एका पट्टीने चढतो, काळी एकचं गाणं पांढरी दोनच्या अलीकडे येऊन थांबतं. साथीला ऑर्गन किंवा पेटी असेल तर ती कानाने पकडून घरच्या पेटीशी ताडून बघा. स्वर दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकत असेल तर बहुधा वेग चुकला आहे. जुन्या ऑर्गनची जुळणी आजच्यासारखी तंतोतंत नसे, तेवढी सूट द्यायची. संगणकावर उतरवून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये वेग ५.१ टक्के कमी केला की ७८ चे ७४ होतात.

आणि स्पिरिट. सुतार फ्रेंच पॉलिश करतो ते काय असतं? स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. आपण तबकडीवर स्पिरिट लावलंत म्हणजे चरांच्या भिंतींचं पॉलिश केलंत. पृष्ठभाग करडा, धुरकट झालाय तो मळ नाही, आणि पृष्ठभाग पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. एलपी प्लॅस्टिकची असते, ती पातळ अल्कोहोल सोसते, बाजारातल्या बऱ्याच सफाईच्या बाटल्या तिच्यासाठीच असतात. गोंधळ तिथेच होतो. लाखेला अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब पुरेत. मोटारीच्या बॅटरीत घालायचं पाणी चालतं. बोअरचं नको, क्षार चरात बसतात. मऊ ब्रशने चराच्या दिशेने गोल फिरायचं, लेबल कोरडं ठेवायचं, भिजत घालायचं नाही, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून पंख्याखाली उभी करून वाळवायची. पंच्याने पुसू नका, तंतू राहतात. जुनी धुतलेली मलमल बरी. उन्हात तर मुळीच नाही.

'लाखेला स्पिरिट नको' अशी चिठ्ठी आम्ही पार्सलमध्ये घालत नव्हतो. आता घालतो. पण या तबकडीचे ३५० परत मिळणार नाहीत.

यूट्यूबचं म्हणाल तर खुशाल ऐका, आम्हीही ऐकतो. फुकट ऐकणाऱ्याने तबकडी घ्यावी असा आमचा आग्रह नाही.

हिशेब असा. ओडियनचे ६०० पूर्ण परत, तबकडी आपल्याकडेच ठेवा. एलपीचे १२०० आणि नाशिकहून परत पाठवण्याचा खर्च आमच्याकडून, किंवा ठेवायची असेल तर ६०० परत. कोणतं ते कळवा, पैसे त्याच दिवशी जातील. सवाईला डिसेंबरात पुण्यात येणार म्हणालात, तेव्हा नाट्यपदाची तबकडी बरोबर आणा. ३ मिलच्या सुईवर, योग्य वेगाला, दुकानात लावून बघू. स्पिरिट लागलेल्या जागेवर किती गाणं शिल्लक आहे ते तिथेच कळेल. येताना आपल्या प्लेअरची सुई काढून कागदात गुंडाळून आणा. भिंगाखाली बघून टोक किती झिजलंय ते सांगतो. अशा प्लेअरचा भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत असतो, आणि झिजलेली सुई त्या भाराने नवीन एलपीही खाते. परत पाठवणार असाल तर निदान तोवर दरबारी त्या सुईखाली लावू नका.